थांबलेली हातोडी

शांतवन मिस्तरी मेला तेव्हा त्याला विकतच्या पेटीत घातला. प्लायवूडची पेटी, वरून चकचकीत कागद चिकटवलेला, कडेला सोनेरी पट्टी. त्याने ती बघितली असती तर उठून बसला असता, ज्याने केली त्याच्याशी भांडला असता आणि मगच परत आडवा झाला असता. जन्मभर त्याने पेट्या केल्या आणि जन्मभर वाद घातले. दोन्ही कामं एकाच फळीवर चालायची.

मी फुलवाला. मखमलाबादकडे मळ्याचा तुकडा आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मास्तर मारायचे म्हणून. तेव्हा लिहिण्यात चुकलं तर चुकलं. पण शांतवनबद्दल दुसरं कोण लिहिणार? त्याच्या चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात माणूस चांगला पण तोंडाचा फाटका. तेवढ्यावर माणूस संपत नाही.

आमची ओळख पंचवटीच्या बाजारात झाली. दसऱ्याचा दिवस, झेंडू हातोहात जात होता, माझी पांढरी शेवंती पाटीत तशीच. हा आला, कानावर पेन्सिल, सदऱ्यावर भुसा. सगळी शेवंती उचलली आणि म्हणाला, "देवाला नको असलेलं फूल मेलेल्याला चालतं. माझ्या शेजारी येऊन बस. तिथं गिऱ्हाईक भाव करत नाही." त्याचं दुकान ख्रिश्चन कबरस्तानाच्या फाटकाशी, चिंचेखाली. मी आणि माझी बायको सिंधू तिथं जाऊन बसलो ते बसलोच. सिंधूला त्याने बांबूच्या कामट्यांवर फुलांचा क्रूस बांधायला शिकवलं. उभी कामटी लांब, आडवी आखूड. ती पहिल्यांदा दोन्ही सारख्या करून बसली तेव्हा म्हणाला, "सिंधूवहिनी, हे गुणाकाराचं चिन्ह झालं. मेलेल्याला काय गुणायचंय?"

तो माप दोरीने घ्यायचा. टेप असायचा खिशात, पण मेलेल्या माणसाला टेप लावायचा नाही. म्हणायचा, टेप कापडाला लावतात. दोरीला गाठ मारायची, पेटी झाली की गाठ सोडायची. आतून पांढरा मांजरपाट लावायचा, त्याची एक चुणी वाकडी गेली तर उसवून परत.

आणि वाद. त्या रस्त्याने नव्या नव्या मंडळ्यांची पोरं यायची, पत्रकं वाटायची. कबरस्तानाच्या फाटकावर माणसं हळवी असतात, त्यांना बरोबर माहीत. पत्रकावर आगीचं चित्र, वर मोठ्या अक्षरात, 'आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?' माझ्या पाटीतही टाकून जायची. मी त्यात सुटी फुलं बांधायचो. शांतवन मात्र रंधा ठेवून पूर्ण वाचायचा, पेन्सिलीने रेघा मारायचा आणि पोरं परत येईपर्यंत दबा धरून बसायचा.

तो स्वतः जुन्या चर्चचा. दर रविवारी शेवटच्या बाकावर. शास्त्र म्हणजे बायबल त्याने इतकं वाचलं होतं की पुस्तकाची शिवण दोनदा स्वतःच घातली होती. पण शास्त्र हातात घेऊन कुणी म्हणालं की यातलं अक्षर न अक्षर जसंच्या तसं घ्यायचं, की याचं डोकं फिरायचं.

एकदा दोन पोरं सापडली. एकाला जेमतेम मिसरूड.

"अक्षर न अक्षर का?"

"हो काका. माणसाचा शब्द नाही तो."

"बरं. मग प्रभूचा डोंगरावरचा बोधच घे. डोळा पाप करायला लावत असेल तर उपटून टाक म्हणून सांगितलंय. वाचलंय?"

"वाचलंय ना काका."

"आत्ता त्या अ‍ॅक्टिव्हावरून पोरगी गेली, तिच्याकडे बघितलंस का नाही?"

शांतवनने फळीवरची पटाशी उचलून त्याच्या हातात दिली, मुठीकडून. "आजच धार लावलीय. दुखायचं नाही. कोणता, उजवा का डावा?"

पोरगं पटाशी धरून मागे सरकलं. सिंधू ओरडली, "ओ मिस्तरी, लेकरू हाय ते! तुमच्या घरात भाऊ-पुतणे नाय का?"

मग शांतवनच हसला. पोरांना चहा पाजला, वर खारी. म्हणाला, "हे बघा रे. बाप पोराला म्हणतो, परत तिकडं गेलास तर तंगडं मोडीन. म्हणून पोरगा आधीच प्लास्टर घालून बसतो का? आणि बाप खोटं बोलला असंही कुणी म्हणतं का? बाप कशासाठी बोलला ते बघायचं. देव काय माझ्यासारखा सुतार आहे, इंच-सुतात माप सांगायला?"

पोरं गेली. मी म्हटलं, "हरली बिचारी." तो म्हणाला, "हरणारच. वादात मला कोण हरवतोय!" हे त्याला फार वाटायचं. वादात जिंकलं की माणूस जिंकला, असा त्याचा हिशेब. तो हिशेब पुढे त्याच्याच अंगावर आला.

माझ्यावरही तोंड टाकायचा, सोडायचा नाही. माझ्या मोबाईलवर कुणीतरी देवीचा निरोप पाठवायचं, अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल. मी घाबरून पाठवायचो. तो म्हणायचा, "दगू, तुझी देवी पोस्टात कामाला लागली का?" सिंधूला हसू आवरायचं नाही.

त्याची बायको लवकर गेली. एकच मुलगी, करुणा. तिला लहानपणापासून फिट यायची. उभी असली की आधी एकीकडे बघत राहायची, मग कोसळायची. बापाने जपलं म्हणजे किती? चुलीपाशी नाही, विहिरीपाशी नाही, शाळेच्या सहलीला नाही. गोळ्या एका स्टीलच्या डबीत. डबीवर त्याने खिळ्याने तिचं नाव कोरलं होतं. गोळ्यांवर ती ठीक राहिली. चांगली वाढली, बालवाडीत शिकवायला लागली, लग्न झालं. जावई प्रवीण भला पोरगा, गंगापूर रोडला एका शोरूममध्ये. लग्नानंतर दोघं एका नव्या मंडळीत जायला लागले. पत्र्याचा हॉल, लाऊडस्पीकर, टाळ्या. चालवणारा माणूस आधी रिक्षा चालवायचा. सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. आवाज खणखणीत. लबाड नव्हता, हे मी आजही म्हणतो. लबाड असता तर सोपं झालं असतं.

एका सकाळी करुणा दुकानात आली आणि बापाच्या फळीवर पत्रक ठेवलं. त्यावर एका पोराचं चित्र होतं, जमिनीवर पडलेला, तोंडाला फेस. शास्त्रातली गोष्ट. त्या पोराला कधी आगीत पाडणारा, कधी पाण्यात पाडणारा अशुद्ध आत्मा होता आणि प्रभूने तो काढला. खाली लिहिलं होतं, फिट म्हणजे आजार नव्हे, आत्मा आहे. औषध घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास.

शांतवनने कानावरची पेन्सिल काढली. पत्रकावर एकही रेघ मारली नाही. पेन्सिल परत कानावर ठेवली.

"गोळी घेतलीस का आज?"

"नाही बाबा."

"करुणा."

"बाबा, वाद घालू नका."

त्याला तेवढंच जमत नव्हतं.

पुढच्या रविवारी तो मला घेऊन त्या हॉलमध्ये गेला. मी मागे चपलांपाशी बसलो. प्रार्थना संपायच्या आत हा उभा राहिला. म्हणाला, त्या काळी या आजाराला नाव नव्हतं, लोक जे म्हणत तेच लिहिलं गेलं. मुद्दा पोरगं बरं झालं हा आहे, आत्म्याचा नाही. आज गोळीने बरं होतं, तर गोळीही त्याचीच देणगी. बोलला छान. दोन-चार माणसं माना हलवायला लागली. माझी सासू म्हणायची, सुताराच्या तोंडातही रंधा असतो. त्या दिवशी पटलं.

ब्रदरने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मिस्तरी, लोकांना नाव माहीत नव्हतं, मान्य. प्रभूलाही माहीत नव्हतं?"

शांतवन म्हणाला, "समोरच्याला कळेल असं बोलला तो."

"बरं. आत्मा शब्दशः नाही. डोळा उपटायचा, तेही शब्दशः नाही. सहा दिवसांत जग केलं, तेही नाही. मग तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, ते?"

बाहेर कुणाचा तरी रिव्हर्सचा हॉर्न वाजत होता.

"तो उठला," शांतवन म्हणाला.

"शब्दशः?"

"शब्दशः."

"का? तिथंच का? तुमची बायको मेली म्हणून तेवढं पाहिजे, आणि बाकी नको? रेघ कुठं मारायची ते तुम्ही ठरवणार?"

शांतवनला उत्तर आलं नाही असं नाही, आलं. त्याने काहीतरी लांबलचक सांगितलं, साक्षीदार, पत्रं, काय काय. पण मी त्याला ओळखत होतो. तो अडकला होता. मग चिडला. ब्रदरच्या रिक्षावर घसरला. म्हणाला, "मीटर पाडायचा सोडून तू आता माणसं पाडायला लागलास." सगळे हसले. करुणा नाही हसली. ती उठली, भर हॉलमध्ये बापापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही मला जन्मभर सांगितलंत, इथं जाऊ नको, तिथं उभी राहू नको, तुला कधीही होईल. यांनी पहिल्यांदा सांगितलं, तू बरी आहेस. तुमचं खरं असेल. पण मला त्यांचं ऐकून जगावंसं वाटतं."

येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, "उठण्याच्या मुद्द्यावर त्याने मला धरलं. तयारी करून परत जाईन."

मी म्हटलं, "शांतवन, पोरगी काय म्हणाली ते ऐकलं का?"

"ऐकलं. तिचा मुद्दाच नव्हता तो."

नंतर कळलं, करुणा पुन्हा बाप्तिस्मा घेणार. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलेलं चालत नाही, पूर्ण बुडवायला पाहिजे, असं त्यांच्यात. धरणाच्या पाण्यावर न्यायचं ठरलं. फिट येणारं माणूस, पाण्यात. शांतवन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभा राहिला. सिंधू माझा दंड धरून होती, तिची नखं रुतत होती. ब्रदरने करुणाला पाठीवर हात देऊन पाण्याखाली नेलं. पाणी मिटलं. मग ती वर आली, केस चिकटलेले, हसत. काही झालं नाही. काहीच नाही. लोक रडत टाळ्या वाजवायला लागले. करुणा ओल्या कपड्यांनी बापाकडे आली, पदराच्या गाठीतून स्टीलची डबी काढून त्याच्या हातात दिली.

"बघा बाबा. ठेवा आता ही तुमच्याकडे."

त्याने डबी घेतली. खरं झालेलं समोर उभं होतं, त्याच्याशी वाद कसा घालणार?

सिंधूने तिच्या परीने वाट काढली. म्हणाली, "मिस्तरी, मी दर दोन दिवसांनी तिच्याकडे जाते. गोळी कुटून लाडवात घालते. नाचणीच्या लाडवात चव लागायची नाय. जीव राहिला तर धर्माचं मागून बघू."

शांतवनने तिच्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं हो म्हणतो. पण नाही. "फसवून नाही, वहिनी. ती काय कुत्रं आहे का, भाकरीत गोळी घालायला? मी तिला पटवून परत आणीन."

"पटलं नाय तर?"

"पटेल. खरं आहे ते पटतं."

सिंधू घरी आल्यावर भांडी आपटत होती. म्हणाली, "या बाप्याला लेकीपेक्षा खरं मोठं झालंय." पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "त्याचं बी बरोबर हाय. माझ्या लाडवात कुणी काय घातलं तर मला नाय आवडायचं." ती अशी होती. दोन्हीकडून बघायची आणि मग झोप उडवून घ्यायची.

शांतवन तयारी करत राहिला. संध्याकाळी फळी झाडून शास्त्र उघडायचा. कागदांवर मुद्दे. दर आठवड्याला मुलीला फोन. फोन आधी लांब चालायचे, मग आखूड, मग ती उचलेना. महिने गेले. तिला काही झालं नाही, हेही खरं. मलाही वाटायला लागलं होतं की प्रार्थनेने होतं का काय बरं.

मग प्रवीणचा फोन आला. सकाळी आंघोळीला गेली, दार वाजवलं तर उघडेना. बादलीत तोंड. बादली अर्धीच भरलेली.

पेटी त्यानेच केली. जुन्या मंडळीतल्या लोकांनी सांगितलं, बाहेरून आणू. ऐकलं नाही. मी दोरी पुढे केली. म्हणाला, "नको. माहीत आहे." दोरी न लावता केलेली ती एकच पेटी मी बघितली. मांजरपाटाची चुणी वाकडी गेली, उसवली नाही.

दफनाच्या दिवशी करुणाला दुकानासमोरच चिंचेखाली ठेवलं. एका बाजूला जुन्या चर्चचे पाळक आणि नातेवाईक, दुसऱ्या बाजूला ब्रदर आणि त्याची माणसं. ब्रदरचे डोळे सुजलेले. तो पुढे येऊन म्हणाला, पेटी बंद करू नका. शास्त्रात मेलेली माणसं प्रार्थनेने उठली आहेत. आम्हाला प्रार्थना करायची आहे.

करुणाचा मामेभाऊ धावून गेला, ब्रदरची कॉलर धरली. आईवरून शिवी दिली. पाळक मध्ये पडले. तेवढ्यात शांतवन बोलला, मोठ्याने नाही.

"सोड त्याला."

"काका, याने मारली तिला!"

"सोड म्हणतो ना." मग ब्रदरकडे वळून, "कर. अक्षर न अक्षर म्हणतोस ना? कर. उठव तिला."

सगळ्यांना वाटलं टोमणा मारतोय. पटाशीसारखंच, वेळ साधून. नातेवाईकांतला एक जण तर म्हणाला, वा मिस्तरी. पण मी त्याच्या शेजारी पेटीपाशी बसलो होतो. मी त्याचे हात बघितले. हातोडी मांडीवर, खिळे मुठीत, आणि मूठ अशी आवळलेली की खिळे तळव्यात टोचत होते. तो टोमणा नव्हता. जन्मभर ज्या माणसाला हरायचं नव्हतं, तो त्या दिवशी हरायला बसला होता.

झाकण दुकानाच्या भिंतीला उभं होतं. ब्रदर गुडघ्यावर बसला. ओरडून प्रार्थना केली, हात लावून केली, तिचं नाव घेऊन केली. ऊन चिंचेतून सरकून पेटीवर आलं. सिंधूने बांधलेला क्रूस कोमेजायला लागला, ती मधूनमधून पाण्याचा हात मारायची. नातेवाईक कुजबुजत होते. ब्रदरचा आवाज बसला. मग नुसता श्वास. मग तो पेटीच्या कडेवर डोकं टेकून रडायला लागला.

पाळक हळूच म्हणाले, "शांतवन, वेळ होतेय."

शांतवन ब्रदरकडे वाकला. "झालं का?"

ब्रदरने पेटीची कड सोडली नाही.

"अजून थोडं करून बघ ना," शांतवन म्हणाला. "मी थांबतो. मला घाई नाही."

असा आवाज मी त्याच्या तोंडून आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. गिऱ्हाईक भाव करताना काढतं तसला.

ब्रदरने नाही म्हणून मान हलवली. मग शांतवन उठला, झाकण ठेवलं, खिळे मारले. एकही वाकला नाही. हात कामाला सवयीचा असतो, त्याला दुःख कळत नाही.

त्यानंतर तो वादाचा राहिला नाही. पोरं पत्रकं घेऊन यायची, तो घ्यायचा, घडी घालून खिशात ठेवायचा. लोक मुद्दाम डिवचायचे, मिस्तरी, बघा काय लिहिलंय. तो म्हणायचा, असेल. एका बाईने येऊन सांगितलं, त्या हॉलमध्ये आता असं बोलतात की करुणाचा विश्वास कमी पडला. मला वाटलं, आता पटाशी निघते. तो रंधा मारत राहिला. फळी ठरल्यापेक्षा पातळ झाली तरी मारत राहिला. सिंधूने उठून त्याच्या हातातून रंधा काढून घेतला.

मग सिंधू गेली. पोटात दुखतंय म्हणाली, दाखवलं, फार पसरलं होतं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. आमचं चाळीसेक वर्षांचं होतं, ते चार ओळीत मावायचं नाही.

दहाव्याला रामकुंडावर शांतवन आला. पांढरा सदरा, कानावर पेन्सिल नाही. आमच्या भाऊबंदांत जरा बाजूला उभा राहिला. पिंड ठेवला. कावळे समोरच्या कठड्यावर होते, येईनात. मी म्हटलं, सिंधू, मळा विकणार नाही. येईनात. मोठ्याने म्हटलं, धाकट्या पोरीचं लग्न करीन, तुझी भावजय आली तर तिच्याशी बोलेन. भावाने म्हटलं, वहिनी, दादाला आम्ही बघू. ऊन चढलं. घाटाच्या पायऱ्या तापल्या. माणसं चुळबुळ करायला लागली, कुणी घड्याळ बघितलं.

गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात सोय आहे."

"थांबा ना गुरुजी," मागून आवाज आला. शांतवन पुढे आला होता. चपला काढून, तापल्या फरशीवर. "घाई कसली आहे? येईल की."

भाऊबंद एकमेकांकडे बघायला लागले. हा कोण, कोणत्या धर्माचा, आणि कावळ्याची वाट बघतोय. जो मला देवीच्या निरोपावरून हसायचा, तो कठड्याकडे तोंड करून हात जोडून उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "दगूला मी एकटं जेवू देणार नाही." आणि कावळ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याबरोबर बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. गुरुजी दर्भ हातात धरून थांबले.

कावळा आला नाही.

शेवटी दर्भाचा केला. गुरुजींनी तो पिंडाला लावला, सगळे पाण्याकडे गेले. शांतवन खाली बसला आणि तो गवताचा कावळा बघत राहिला, ओला, दोन गाठींचा.

"तुमचं बरं आहे रे दगू," तो म्हणाला. "कावळा नाही आला तर गवताचा तरी करता येतो."

मग उठला, चपला हातातच घेतल्या आणि तापल्या पायऱ्यांवरून तसाच अनवाणी वर गेला.